एक उंबरा, एक ओळ

९ जानेवारी

खारुताई,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी लिहीन. तोवर राग उतरला तर.

आज सकाळी साडेनऊला शिपाई आमच्या टेबलावर एक पाकीट ठेवून गेला. आत तीन पानं. पहिल्या पानावर नगरपालिकेचा शिक्का, तिसऱ्याच्या तळाला ‘उपसंचालक, खर्च फेरआढावा कक्ष’ म्हणून तुझी सही. सही अजून तशीच आहे तुझी, शेवटच्या अक्षराची शेपटी पार समासात जाते. मधल्या पानावर एक तक्ता, आणि तक्त्यात सातव्या क्रमांकावर आम्ही. ‘गृहभेट परिचर्या विभाग. दर भेटीचा खर्च ६१२. मर्यादा ४५०. शेरा : किफायतशीर नाही. १ एप्रिलपासून बंद.’

मी ते धाकट्या सिस्टरला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मोठ्या बाई, किफायतशीर म्हणजे आपण महाग आहोत का?" सहा सिस्टर, एक गाडी, एक ड्रायव्हर. कापसाचे बोळे मोजून मिळतात, हातमोजे नोव्हेंबरपासून आलेले नाहीत, आणि आम्ही महाग!

एकतीस वर्षं मी लोकांचे जिने चढतेय. ज्यांना पलंगावरून उठता येत नाही, त्यांच्या जखमा धुवायच्या, इंजेक्शन द्यायची, नळी बदलायची. दीडशेच्या वर घरं आहेत अशी. त्यांनी आता काय करायचं, तर तुझ्या कागदाप्रमाणे ‘नजीकच्या केंद्रात येऊन टोकन घ्यावे’. अगं, केंद्रात येता येत असतं तर त्यांनी आम्हाला घरात कशाला घेतलं असतं?

आणि शेवटच्या पानावरचं वाक्य तर मी तीनदा वाचलं. होणाऱ्या बचतीतून ‘सेवा सुधार कक्ष’ उभारण्यात येईल. म्हणजे आमचा विभाग मोडून सुधारणेचं ऑफिस थाटायचं. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय.

मास्तर तुला आठवत असतील. गणिताचे, तिसऱ्या मजल्यावरचे. तुला दशांश अपूर्णांक त्यांनीच शिकवले. आता ते एका बाजूने लुळे आहेत, काठीने स्वयंपाकघरापर्यंत जेमतेम जातात. मास्तरीणबाईंच्या उजव्या पायाला साखरेची जखम आहे, अडीच वर्षं झाली. दिवसाआड मी ती धुते. वाढू दिलेली नाही, एवढंच माझं कर्तृत्व. त्यांना कोण सांगणार, मी की तू?

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, तेवढ्या खुणा दिसतात मला. म्हणून हे पत्र. चौदा महिने झाले आपण बोललो नाही. माझ्याशी बोलत नाहीस म्हणायचं, बाबांशी बोलतेस. त्यांना वाटतं मला कळत नाही. भर दुपारी शिलाई मशीन मध्येच बंद पडलं आणि गॅलरीचं दार लोटलं गेलं, की मी समजते.

त्या दिवशी जेवता जेवता मी जे बोलले ते काही इथे लिहीत नाही. तुला पाठ असेल.

राग काही उतरला नाही. आशीर्वाद पुढच्या पत्रात.

आई


२१ जानेवारी

खारुताई,

बारा दिवस झाले, उत्तर नाही. सरकारी पत्राला पंधरा दिवसांत उत्तर द्यायचा नियम आहे म्हणे. आईसाठी तो नसावा.

तुमची ती नवी दूरध्वनी सेवा सुरू झाली. मी मास्तरांकडे असतानाच त्यांनी लावून बघितली. स्पीकरवर ठेवली, म्हणून मीही ऐकली. ‘आपण चालू शकत असल्यास एक दाबा. चालू शकत नसल्यास दोन दाबा.’ मास्तरांनी दोन दाबलं. बाई गोड आवाजात म्हणाली, ‘कृपया आपल्या नजीकच्या केंद्रात यावे.’ मास्तर हसायलाच लागले. म्हणाले, "चालता येत नाही म्हटलं तर या म्हणते. एक दाबलं असतं तर पळत या म्हणाली असती."

मास्तरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे एप्रिलनंतर तुम्ही येणार नाही का?" मी म्हटलं, बघू. एकतीस वर्षांत मी पेशंटला ‘बघू’ कधी म्हटलं नव्हतं.

मागच्या आठवड्यापासून गाडीही काढून घेतली. ‘प्रायोगिक तत्त्वावर.’ ड्रायव्हरला पाणीपट्टीच्या वसुलीवर पाठवलंय. आम्ही सहा जणी पिशव्या खांद्याला लावून पायी. जिथे दिवसाला पाच घरं व्हायची तिथे तीन होतात. मग उद्या तुम्ही म्हणणार, बघा, यांच्या भेटी कमी झाल्या. अंगण आधी उकरून ठेवायचं आणि वर म्हणायचं, नाचता येत नाही!

पण हे पत्र त्यासाठी नाही. गेल्या आठवड्यात तुमच्या कक्षातून एक मुलगी आली होती, हातात टॅब. पाहणी करायला. मी तिला वृद्ध महिलांच्या वसतिगृहात घेऊन गेले. तिथे अकरा जणी आहेत, अकराही जणींना रोज इंजेक्शनं, चौघींच्या पट्ट्या. दीड तास लागला. ती बिचारी उभी राहून सगळं बघत होती, एकीचा हातही धरला तिने. बाहेर आल्यावर टॅबवर तिने लिहिलं, ‘भेट : १’.

मी म्हटलं, "अगं, अकरा."

ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या नोंदवहीत या पत्त्याची रोज एकच ओळ असते. एक ओळ म्हणजे एक भेट, असंच आम्ही सगळीकडे धरलंय."

मी तिथेच जिन्यावर बसले. एक उंबरा, एक ओळ! आमची पद्धत. तुला सांगायला हवं का? तेवीस वर्षांपूर्वी अशीच कपात आली होती. वर्षाला पाच नोंदवह्या मिळायच्या त्या दोन केल्या. कागद पुरेना. तेव्हा मीच ठरवलं, माणूस निराळा असला तरी उंबरा एक असेल तर ओळ एकच घालायची. औषधांच्या रकान्यात बारीक अक्षरात सगळ्यांचं लिहायचं. पुढे वह्या आल्या, पण सवय राहिली. त्या वह्यांना रेघा कोणी मारल्या? शाळा सुटल्यावर माझ्या टेबलाशी बसून, लाकडी पट्टी धरून, जीभ दातांत पकडून? तू. नऊ वर्षांची होतीस. "आई, एका घरचे आजी-आजोबा दोघं एका ओळीत मावतील का?" असं तू मला विचारलंयस.

रविवारी मी आणि धाकटी सिस्टर गेल्या वर्षीच्या सगळ्या वह्या काढून बसलो. औषधांच्या रकान्यावरून माणसं मोजली. ओळी नऊ हजार एकशे ऐंशी. माणसं पंधरा हजार एकशे चाळीस. तुझाच खर्च घे आणि माझ्या माणसांनी भाग. तीनशे एकाहत्तर येतात. मर्यादेच्या आत. आम्ही महाग नाही. आम्ही स्वस्त आहोत, इतके स्वस्त की लाज वाटावी.

तुला हे माहीत होतं. दुसऱ्या कुणाला नसेल, तुला होतं. तरी तू सही केलीस. कशासाठी? खुर्चीसाठी की माझ्यावरचा राग काढण्यासाठी? राग माझ्यावर होता तर माझ्यावर काढायचा, मास्तरीणबाईंच्या पायावर कशाला?

तुमच्या कक्षाकडून आधी काही माहिती मागवली होती असं ती टॅबवाली म्हणत होती. आली असेल. शंभर कागद येतात. मला आठवत नाही.

या कपातीवर शिक्कामोर्तब करायला वीस फेब्रुवारीला समितीची बैठक आहे असं कळलं. त्याआधी हा आकडा दुरुस्त कर. आईचं ऐकून नको, बरोबर आहे म्हणून कर.

आई


२ फेब्रुवारी

खारुताई,

तुझं पाकीट मिळालं. एवढं मोठं पाकीट आणि आत दोन कागद. एका चिठ्ठीवर दोन वाक्यं, ‘आई, प्रश्न १४ बघ. घरच्या पत्रावर फाइल हलत नाही, चूक असेल तर रीतसर पत्र पाठव.’ खाली नाव नाही, काही नाही. दुसरा कागद म्हणजे झेरॉक्स.

झेरॉक्स मी आधी उघडला नाही. आधी तुझ्या चिठ्ठीवर मनसोक्त चिडून घेतलं. बाबांना म्हटलं, बघा तुमची लेक, आईला प्रश्न क्रमांक घालून उत्तर देते. बाबा कुणाच्या तरी बाह्या उसवत होते. मान वर न करता म्हणाले, "प्रश्न काय आहे ते तरी बघ."

प्रश्न असा आहे. ‘नोंदवहीतील एक ओळ म्हणजे एक रुग्ण असे समजावे काय? होय / नाही.’ आणि ‘होय’वर खूण. निळ्या शाईची, झेरॉक्समध्ये काळी दिसते. खाली सही माझी.

आता लिहितेच. मला आठवत नाही असं मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं. मला चांगलं आठवतं.

सप्टेंबरची गोष्ट. मी दौऱ्यावर निघाले होते, पिशवी खांद्याला होती. शिपाई फॉर्म घेऊन दारात उभा, आजच पाहिजे म्हणाला. मी वरचं नाव वाचलं. तुझं. पाच महिने... नाही, तेव्हा दहा महिने झाले होते तुझा आवाज ऐकून, आणि तू मला पाठवलंस काय, तर बावीस प्रश्नांचा छापील फॉर्म. ‘माननीय विभाग प्रमुख.’ माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, हिने ठरवलंय ते हिने ठरवलंय, विचारण्याचं नुसतं नाटक. उभ्या उभ्या, शिपायाच्या पाठीवर कागद ठेवून, बावीसच्या बावीस प्रश्नांना ‘होय’ करून टाकलं. एकही वाचला नाही. वर शिपायाला म्हणाले, "जा, सांग तुझ्या मॅडमना, आई सगळ्याला होय म्हणते." मला त्याचं फार हसू आलं होतं तेव्हा.

आज वाचले सगळे. प्रश्न ९, ‘कर्मचारी संख्या आवश्यकतेपेक्षा जास्त आहे काय?’ होय. प्रश्न १७, ‘सेवा बंद झाल्यास रुग्णांची पर्यायी सोय उपलब्ध आहे काय?’ होय. खाली मी, सही आणि शिक्क्यासकट. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग माझ्या लक्षात आलं की तू चौदावा प्रश्न घातला होतास. बाकीचे एकवीस प्रश्न सगळ्या विभागांना सारखे असणार, त्यांची भाषाच तशी आहे. चौदावा फक्त आमच्यासाठी होता. तुला पट्टी आणि रेघा आठवत होत्या. तू विचारलं होतंस. मी नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं.

आता माझ्यावर कर टीका. पण मलाही विचारायचंय. बावीस ‘होय’ बघून तुला शंका नाही आली? माझ्या विभागात माणसं जास्त आहेत असं मी, तुझी आई, लिहून देईन? हातमोज्यांसाठी वरिष्ठांशी भांडणारी? सही ओळखलीस आणि मला नाही ओळखलंस? एक फोन केला असतास. बाबांना केलास तसा. जिना चढून आली असतीस. कागदावर होय आहे म्हणजे होय, इतकंच जर तुमच्या कक्षात चालत असेल, तर त्याला सुधारणा म्हणू नका. माझी चूक शरमेची आहे, तुमची सोयीची आहे.

बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "गिऱ्हाईकाने माप चुकीचं दिलं तर शिंप्याचा दोष नाही. पण गिऱ्हाईक समोर उभं असताना शिंप्याने टेप लावून बघितली नाही, तर थोडा आहे." असं म्हणून पुन्हा बाह्या उसवायला लागले. कधी नव्हे ते दोघींनाही बोलले.

रीतसर पत्र पाठव म्हणतेस. आमच्या कारकुनाला मी सहज विचारलं, असं एखाद्याने चुकीच्या माहितीवर सही केली तर काय होतं? तो म्हणाला, चौकशी लागते. चौकशी चालू असताना निवृत्ती आली तर पेन्शन अडकते. मला जुलैअखेर निवृत्त व्हायचंय. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन त्याच भरवशावर ठेवलंय, तुला त्यांनी सांगितलं नसेल. सुईत दोरा आता मीच ओवून देते.

तेव्हा हे पत्र घरचंच समज. वह्या तुमच्याकडे मागवून घ्या आणि तुम्हीच मोजा. माझं नाव न आणता करता येत असेल तर बघ. एवढं आईसाठी कर.

आई


१३ फेब्रुवारी

खारुताई,

मागच्या पत्रातला शेवटचा परिच्छेद वाचला नाहीस असं समज.

गाडी नसल्यामुळे माझी मास्तरांकडची फेरी दिवसाआडवरून आठवड्याला दोनवर आली होती. मग मध्ये वसतिगृहात दोघींना ताप आला आणि एक आठवडा मी मास्तरांकडे गेलेच नाही. त्यांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "सगळं ठीक आहे बाई, तुम्ही तिकडचं बघा."

ठीक काही नव्हतं. मंगळवारी त्यांनी शेजाऱ्यांची चाकाची खुर्ची मागवून घेतली. दोन माणसांना पैसे देऊन आधी मास्तरीणबाईंना, मग स्वतःलाही खाली उतरवून घेतलं आणि केंद्र गाठलं. टोकन मिळालं त्र्याहत्तर नंबरचं. नऊपासून दीडपर्यंत दोघं बसून होते. दीडला खिडकी बंद झाली. पट्टी ओली झाली होती, खुर्चीच्या लोखंडाला पाय घासत होता, त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला? तिथे खिडकीतल्या माणसालाही टोकनच बघायला सांगितलेलं.

मी शुक्रवारी गेले. दार उघडल्याबरोबर वास आला. हा वास मला कुणी समजावून द्यावा लागत नाही. पट्टी सोडली तर दोन बोटं काळी. अडीच वर्षं धरून ठेवलेली जखम दहा दिवसांत गेली. मी तशीच अॅम्ब्युलन्स बोलावून दोघांना हॉस्पिटलात नेलं. परवा दोन्ही बोटं काढली. सर्जन म्हणाले, अजून तीन-चार दिवस गेले असते तर घोट्यापासून पाय काढावा लागला असता. वर मला विचारतात, "यांच्याकडे घरी कुणी सिस्टर येत नव्हती का?"

हॉस्पिटलच्या बाकावर मी मास्तरांना सगळं सांगितलं. फॉर्म, बावीस होय, शिपायाची पाठ, सगळं. मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवली. मग म्हणाले, "बाई, तुमच्या वहीत चूक झाली की तुम्ही काय करता?"

तुला माहीत आहे आम्ही काय करतो. तूच एकदा रबर घेऊन माझ्या वहीतली चूक खोडायला गेली होतीस आणि मी तुझ्या हातावर चापट मारली होती. आमच्या वहीत खोडायचं नसतं. शाई लावून काळं करायचं नसतं. चुकलेल्यावर एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. बाजूला बरोबर काय ते. आणि सही, तारखेसकट. उद्या कुणी विचारलं तर कळलं पाहिजे की काय चुकलं होतं आणि कोणाचं.

मी मास्तरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग झालं तर."

घरी येऊन बाबांना म्हटलं, पेन्शन अडकेल, ऑपरेशन लांबेल. ते म्हणाले, "तू दोरा ओवून देतेस ना? मग घाई काय आहे." मला रडू आलं. म्हणून त्यांच्यावरच ओरडले, की चष्मा तरी पुसत जा.

रीतसर पत्र सोबत आहे. ऑफिसच्या कागदावर, जावक क्रमांक घालून. एक प्रत आयुक्तांना दिलीय, म्हणजे तुलाही ते दाबून ठेवता येणार नाही. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. तुझ्यावर दोष येऊ नये म्हणून.

आई


जा. क्र. ११८
दिनांक १३ फेब्रुवारी

प्रति,
माननीय उपसंचालक,
खर्च फेरआढावा कक्ष, वित्त विभाग

विषय : गृहभेट परिचर्या विभागाच्या माहितीतील चूक दुरुस्त करण्याबाबत

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून कळवते, की आपल्या कक्षाने सप्टेंबरमध्ये पाठवलेल्या फॉर्ममधील बावीस प्रश्नांची उत्तरे मी ती न वाचता दिली होती. न वाचण्याचे कारण खासगी असून ते कोणत्याही नियमात बसत नाही. चूक संपूर्णपणे माझी आहे. विभागातील इतर पाच परिचारिका व वाहनचालक यांचा तिच्याशी संबंध नाही.

मूळ फॉर्म आपल्या कार्यालयात येऊन मी काल तपासला. ज्या उत्तरांवर मी चुकीची खूण केली होती, त्या प्रत्येकावर कारकुनांच्या समक्ष एक आडवी रेघ मारून, बाजूला बरोबर उत्तर लिहून, सही केली आहे. प्रश्न १४ चे उत्तर ‘नाही’ असे आहे. आमच्या नोंदवहीतील एक ओळ म्हणजे एक घर. त्या घरात एक माणूस असतो, कधी दोन, एका ठिकाणी अकरा. प्रश्न ९ चे उत्तर ‘नाही’. प्रश्न १७ चे उत्तरही ‘नाही’, आणि हे उत्तर तपासायचे असल्यास समितीने शहर रुग्णालयाच्या स्त्री शस्त्रक्रिया कक्षातील खाट क्रमांक आठला भेट द्यावी. चालत जाता येते.

गेल्या वर्षाच्या सर्व नोंदवह्या व नव्याने केलेली मोजणी सोबत जोडली आहे. त्यानुसार दर भेटीचा खर्च ३७१ येतो. हा आकडा आपल्या मर्यादेत बसतो, म्हणून विभाग चालू ठेवावा अशी माझी मागणी आहे. मात्र तो मर्यादेत बसला नसता तरी मी हीच मागणी केली असती, याची नोंद घ्यावी. बचत करू नये असे माझे म्हणणे नाही. आम्ही तेवीस वर्षांपूर्वी कागदाची बचत केली, तिच्यामुळेच आज बंद पडत आहोत. बचत करणाऱ्याने निदान ज्याच्यातून कापायचे त्याच्या घरी एकदा जाऊन यावे, इतकेच.

वाहन काढून घेतल्याच्या दिवसापासून कमी झालेल्या भेटी आमच्या नावावर लावू नयेत.

चुकीची माहिती दिल्याबद्दल नियमानुसार जी चौकशी व कारवाई व्हायची ती माझ्यावर व्हावी. बैठकीच्या दिवशी मी सकाळी दहापासून बाहेरच्या बाकावर हजर असेन. टोकन घेणार नाही.

आपली विश्वासू,
प्रमुख परिचारिका,
गृहभेट परिचर्या विभाग


(टाचणीने लावलेली चिठ्ठी)

खारुताई,

ही चिठ्ठी फाइलला लावू नकोस, काढून घे.

पंधरा महिन्यांपूर्वी तू पाटावरून उठलीस... बघ, पाट कुठला, खुर्ची. माझ्या डोळ्यांसमोर तू अजून लहानच असतेस. तू खुर्चीवरून उठलीस, तेव्हा मी बोलले होते, ‘अशी मुलगी नसती तरी चाललं असतं.’ बाबांनी तेव्हा मशीनही बंद केलं होतं. ते वाक्य मी बोललेच नव्हते असं मला म्हणता येणार नाही, तुलाही ते विसरता येणार नाही.

म्हणून मी ते चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पूर्ण लिहून काढलंय. त्यावर पट्टी धरून एक आडवी रेघ मारलीय. तुझीच जुनी लाकडी पट्टी, माझ्या खणात होती. खालचं वाचता येतं. बाजूला बरोबर काय ते लिहिलंय, आणि सही, तारखेसकट.

उलटून बघ. चारही पत्रांतले राहिलेले आशीर्वादही तिथेच आहेत.

आई